ठळक अक्षर म्हणजे हेडिंग नव्हे

माझा मावसभाऊ कीबोर्डवरचं एच दाबत होता. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. दर वेळी कॉम्प्युटरमधला आवाज एकच वाक्य म्हणत होता, "नो नेक्स्ट हेडिंग." समोर उघडलेलं पान मी केलेलं होतं. एका पतसंस्थेच्या वेबसाइटचं. चार रात्री जागून केलेलं. गडद लाल पट्टीवर पांढऱ्या अक्षरात 'ठेवींचे व्याजदर', त्याच थाटात 'कर्जासाठी लागणारी कागदपत्रे', मग 'तक्रार कुठे करावी'. रस्त्यावरून जाताना दुकानाच्या काचेतून वाचता येतील एवढी मोठी अक्षरं.

"दादा, ह्या पानावर हेडिंगच नाही की," तो म्हणाला.

"अरे, एवढी मोठी मोठी दिलीत…"

"मोठी म्हणजे किती मोठी?" असं विचारून तो हसला. मी गप्प बसलो. दहावीच्या वर्षी त्याची नजर गेली, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. माझ्या लाल पट्टीचं त्याला काय कौतुक?

कोल्हापुरात राजारामपुरीत माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, तालमींचे गणेशोत्सवाचे अहवाल, विद्यार्थ्यांचे प्रबंध यांवर ते वर्षानुवर्षं चाललं. पत्रिका व्हॉट्सॲपवर गेल्या तसा मी संस्थांच्या, शाळांच्या छोट्या वेबसाइट करायला लागलो. आमच्या धंद्यात मजकुराला 'मॅटर' म्हणतात. मॅटर हातात आलं की हेडिंग कुठलं ते बघायचं, सिलेक्ट करायचं, कंट्रोल-बी दाबून ठळक करायचं, पॉइंट वाढवायचे, मधोमध घ्यायचं. झालं हेडिंग. टायपिंगच्या क्लासात आम्हाला हेच शिकवलं होतं, आणि कागदापुरतं ते बरोबरही होतं. कागदावर हेडिंग म्हणजे दिसण्याची गोष्ट. शाई जास्त, अक्षर मोठं, संपला विषय.

पडद्यावर तसं नाही, हे मला वीस वर्षं धंदा करून त्या दिवशी कळलं. वेब पान ज्या भाषेत लिहितात त्या एचटीएमएलमध्ये हेडिंगला स्वतःची खूण असते, एच-१ ते एच-६ अशा सहा पायऱ्यांची. ही काही नवी सोय नव्हे. टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ च्या सुमारास ह्या भाषेच्या मोजक्या खुणांची पहिली यादी मांडली, त्यातही हेडिंगच्या सहा पायऱ्या होत्या. म्हणजे वेबचा जन्म झाला तेव्हापासून हेडिंग आहे, आणि अक्षर किती मोठं दिसतं याच्याशी त्याचं मूळचं नातं नाही. 'इथून नवा भाग सुरू होतो, आणि तो अमक्या भागाच्या पोटातला आहे' एवढंच ती खूण यंत्राला सांगते. मी पट्टी रंगवली होती, अक्षर फुगवलं होतं, पण खूण दिली नव्हती. डोळे असणाऱ्याला हेडिंग दिसत होतं, यंत्राला तो साधा मजकूरच होता.

पडद्यावरचं वाचून दाखवणारं जे सॉफ्टवेअर मावसभाऊ वापरतो त्याला स्क्रीन रीडर म्हणतात. त्याच्या कॉम्प्युटरवर एनव्हीडीए आहे. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन यांनी २००६ मध्ये त्याचं काम सुरू केलं, पुढे जेम्स तेह त्यांना मिळाले. दोघेही अंध. त्यांनी ते फुकट दिलं म्हणून कोल्हापुरातल्या एका साध्या घरातल्या पोराला ते वापरता येतं. ते मराठीही वाचतं. आवाज जरा पत्र्याचा आहे, पण वाचतं. तो ते ज्या वेगानं ऐकतो, त्या वेगात मला एक शब्द कळत नाही, पत्र्यावर सरीवर सरी कोसळल्यागत वाटतं. एच दाबलं की पुढचं हेडिंग, शिफ्ट आणि एच दाबलं की मागचं. दोनचा आकडा दाबला की पुढचं एच-२, तीन दाबला की पुढचं एच-३. इन्सर्ट आणि एफ-७ दाबलं की एक खिडकी उघडते आणि तिथं पानावरच्या सगळ्या हेडिंगांची यादी मिळते, पुस्तकाच्या अनुक्रमणिकेसारखी. फोनवरही तसंच, अँड्रॉइडच्या टॉकबॅक ह्या स्क्रीन रीडरमध्ये 'हेडिंग्ज' निवडायचं आणि बोट खाली ओढत जायचं, एकेका हेडिंगवर उडी.

आपण डोळस माणसं पान वाचत नाही, चाळतो. नजर वरून खाली घसरते, ठळक दिसेल तिथं अडते, कामाचं नसेल तर पुढं जाते. ह्या सगळ्याला दोन-तीन सेकंद लागतात आणि आपण काही केलं असं आपल्याला वाटतही नाही. एच दाबत जाणं म्हणजे कानानं चाळणं. वेबएम नावाची अमेरिकेतली संस्था स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांची पाहणी अधूनमधून करते. लांबलचक पानावर हवी ती गोष्ट शोधायला आधी काय करता, ह्या प्रश्नाला अलीकडच्या पाहण्यांत दोन-तृतीयांशाहून जास्त लोकांनी 'हेडिंगांवरून जातो' असंच उत्तर दिलंय. पानावर शब्द टाकून शोधणारे, दुव्यांवरून जाणारे, सगळं पान सलग ऐकणारे, हे सगळे त्यामानानं थोडे. हेडिंग नसेल तर मग उरतं ते सलग ऐकणं. पतसंस्थेच्या माझ्या पानावर आधी मेन्यूतले दुवे, मग सरकता मजकूर, मग अध्यक्षांचं मनोगत (ते तर अपरिहार्यच असतं), मग संचालक मंडळ, आणि मग कुठं व्याजदर. ठेवीचा दर ऐकायला त्याला अध्यक्षांच्या कृतज्ञतेतून पूर्ण जावं लागलं. डोळस सभासद असं मनोगत वाचत नाही. अंध सभासदावर मात्र ते ऐकायची सक्ती.

व्याजदर दोन मिनिटं उशिरा कळला म्हणून कुणाचं काही जात नाही, असं कुणी म्हणेल. मग जुलै-ऑगस्टमधलं बघा. मावशीचं घर शाहूपुरीत कुंभार गल्लीच्या बाजूला. पंचगंगा फुगली की तिथं पाणी येणार, हे ठरलेलं. अशा दिवसांत अख्खं कोल्हापूर एकमेकांना एकच विचारतं, "किती फुटाला आलंय?" राजाराम बंधाऱ्यावरची पातळी. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे इथल्या पोराटोरांनाही पाठ आहे. २०१९ ला आणि २०२१ ला पाणी ५० फुटांच्याही वर गेलं, तेव्हापासून ३५ फुटाला लोक सामान माळ्यावर टाकायला लागतात. अशाच एका पावसाळ्यात रात्री साडेअकराला मावसभाऊ बंधाऱ्याची पातळी देणारं एक पान उघडून बसला होता. ते पान कुणाचं ते सांगत नाही, कारण तसली पानं अनेक आहेत. वर पंचावन्न-साठ दुवे. त्याखाली धरणांची यादी, कुठल्या धरणात किती टक्के साठा, कुठून किती क्युसेक विसर्ग, राधानगरीचे किती दरवाजे उघडले. मग रस्ते कुठले बंद. बंधाऱ्याचा आकडा सगळ्यात खाली, तोही चित्रात. चित्राला वर्णन नाही. "इमेज," एवढं बोलून यंत्र गप्प. मावशीनंच शेवटी शेजारच्यांना फोन करून विचारलं. 'राजाराम बंधारा: पाणी पातळी' असं एक खरंखुरं हेडिंग आणि त्याखाली अक्षरात लिहिलेला आकडा, एवढं असतं तर दोनदा एच दाबून काम झालं असतं. पान करणाऱ्याला त्यासाठी जास्तीचा एक रुपया लागला नसता.

म्हणून माझं म्हणणं असं की हेडिंग हा सजावटीचा प्रश्न नाही, आणि निव्वळ प्रोग्रॅमरचाही नाही. तो लिहिणाऱ्याचा प्रश्न आहे. मॅटर लिहून देणारा कारकून, शिक्षक, संस्थेचा सचिव, ते टाइप करणारा माझ्यासारखा माणूस, ह्या साखळीतच पानाची रचना ठरते. प्रोग्रॅमरच्या हाती ते येतं तेव्हा बहुतेक वेळा रचना मोडलेली असते, आणि तोही ती रंगानं झाकतो.

पायऱ्यांबद्दल थोडं, कारण चूक तिथंही होते. राजारामपुरीत गल्ल्यांना आकडे आहेत. नवख्या माणसालाही आठवी गल्ली म्हटलं की सातवीच्या पुढची हे कळतं, विचारावं लागत नाही. पानाचंही असंच असतं. एच-१ म्हणजे वस्तीचं नाव, ते पानाला एकच असावं. एच-२ म्हणजे गल्ली. एच-३ म्हणजे गल्लीतलं घर. आता एखाद्यानं अक्षर बरं दिसतं म्हणून एच-२ नंतर थेट एच-४ दिलं, तर ऐकणारा थांबतो. मधलं काही आपल्याकडून सुटलं का? तो मागं जातो, परत पुढं येतो. आंतरराष्ट्रीय नियमांत पायरी वगळण्यावर सरळ बंदी नाही, पण ऐकणाऱ्याच्या मनात उगीच शंका पेरायची कशाला? आणि ज्या पानाला हेडिंगच नाही ते जुन्या पेठेसारखं. अमक्या तालमीच्या मागं, तमक्या बोळातनं आत, पारापाशी विचारा. पेठेतली मित्रमंडळी हे वाचून माझ्यावर डाफरतील, तरी एक गोष्ट त्यांच्या बाजूनं सांगतो. पेठेत विचारायला माणूस तरी भेटतो, आणि तो घरापर्यंत सोडून येतो. वेबसाइटवर रात्री साडेअकराला कोण भेटणार?

पाठोपाठ येतो हेडिंगातल्या शब्दांचा प्रश्न. हेडिंगांची यादी वेगळी काढून ऐकायची असते, तेव्हा प्रत्येक हेडिंग एकटं उभं राहिलं पाहिजे. मराठी संस्थांच्या पानांवर मात्र 'महत्त्वाचे', 'सूचना', 'इतर माहिती', 'अधिक माहिती', परत 'सूचना' अशी रांग असते. यादीत चार वेळा 'सूचना' ऐकल्यावर कुठली उघडायची? आपल्याकडे जमिनीचे कागद असे गोंधळात ठेवले नाहीत. सातबारा हे नावच मुळी नमुन्याच्या आकड्यांवरून पडलं, गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. शाळेची पायरी न चढलेला शेतकरीसुद्धा तलाठ्याकडे जाऊन 'जमिनीची महत्त्वाची माहिती द्या' म्हणत नाही, 'सातबारा द्या' म्हणतो. नाव नेमकं असलं की कागद सापडतो. ही अक्कल आपल्या कारभारात फार जुनी आहे, वेबसाइट करताना कुठं गेली कोण जाणे.

नवीन मुसलमान कांदे जास्त खातो म्हणतात तसं माझं पुढं झालं. हेडिंगचं महत्त्व कळल्यावर मी पतसंस्थेचं पान परत करायला घेतलं आणि दिसेल त्या ओळीला हेडिंग दिलं. पत्त्याला हेडिंग, फोन नंबरला हेडिंग, 'धन्यवाद'ला हेडिंग. एक अख्खा परिच्छेद एच-३ मध्ये घातला, कारण त्या टेम्प्लेटमध्ये एच-३ चा फॉन्ट झकास दिसायचा. मावसभावानं यादी उघडली. चाळीसच्या वर नोंदी. "आता सगळंच हेडिंग झालंय, म्हणजे परत काहीच नाही," तो म्हणाला. चौकात चाळीस पाट्या लावल्या तर गाडीवाला कुठलीच वाचत नाही. ठळक दिसावं म्हणून हेडिंग देणं, आणि हेडिंग असून नुसतं ठळक करणं, ह्या दोन्ही चुकांचं मूळ एकच. दोन्हींत आपण अर्थाऐवजी रूपाकडे बघत असतो.

आता सरकारी आणि निमसरकारी वेबसाइटांकडे येतो, कारण खरा सार्वजनिक प्रश्न तिथं आहे. वर उजव्या कोपऱ्यात तीन ए असतात, लहान, मध्यम, मोठा. शेजारी काळ्या पार्श्वभूमीचं बटण. हल्ली त्याच्या जोडीला खालच्या कोपऱ्यात माणसाचं किंवा व्हीलचेअरचं गोल चिन्ह येतं. ते दाबलं की दहा-बारा सोयींचा तक्ता उघडतो. बघणाऱ्याला वाटतं, वा, अपंगांचा किती विचार केलाय. मावसभावाला त्यातल्या एकाही बटणाचा उपयोग नाही. अक्षर मोठं करायला त्याला अक्षर दिसतच नाही, आणि वाचून दाखवणारं यंत्र त्याच्याकडे आधीच आहे, ह्या चिन्हातल्या आवाजापेक्षा कितीतरी चांगलं. त्याला पाहिजे ती पानाच्या पोटातली रचना, आणि ती वरून चिकटवलेल्या चिन्हाला ठाऊक नसते. कमी दिसणाऱ्यांना मोठ्या अक्षराचा उपयोग होतो, पण ती सोय ब्राउझरमध्ये असतेच. माझं स्पष्ट मत आहे की असली चिन्हं बहुतेक ठिकाणी दाखवायला लावलेली असतात. पायऱ्या तशाच ठेवून भिंतीवर रॅम्पचं चित्र रंगवण्यातला हा प्रकार.

नियम नाहीत म्हणून हे होतं, असं मात्र नाही. वेबचे मानदंड ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमनं सुगम, म्हणजे अपंगांनाही वापरता येतील अशा पानांचे नियम पहिल्यांदा १९९९ मध्ये काढले, दुसरी मोठी आवृत्ती २००८ मध्ये आली, अलीकडची सुधारणा २०२३ ची. त्यात ए, डबल ए आणि ट्रिपल ए असे तीन स्तर आहेत. डोळ्याला दिसणारी रचना यंत्रालाही कळली पाहिजे, हा नियम सगळ्यात खालच्या, ए स्तरावर आहे. म्हणजे खरं हेडिंग हा दागिना नव्हे, ते अंगावरचं लुगडं आहे. हेडिंगाचे शब्द नेमके असावेत हे डबल ए मध्ये येतं. आपल्या केंद्र सरकारनं सरकारी वेबसाइटांसाठी २००९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली आणि ती ह्याच आंतरराष्ट्रीय नियमांना धरून आहे. वर २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहेच.

अडचण 'मार्गदर्शक' ह्या शब्दात होती. ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं राजीव रातुरी यांच्या खटल्यात नेमकं इथं बोट ठेवलं. कायदा सक्तीची भाषा बोलतो, आणि त्याखालचा २०१७ चा नियम क्रमांक १५ मात्र नुसत्या शिफारशी करतो, हे चालणार नाही असं म्हणून तो नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि सरकारला तीन महिन्यांत बंधनकारक नियम करायला सांगितलं. पुढं ३० एप्रिल २०२५ ला केवायसीच्या, म्हणजे ग्राहकाची ओळख पटवण्याच्या प्रकरणात त्याच न्यायालयानं डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं सांगितलं.

कोल्हापुरात कुठल्याही विषयावर लिहा, शाहू महाराजांचं नाव घेतल्याशिवाय लेख पुरा होत नाही. बऱ्याचदा ते नुसतं हारासारखं घातलं जातं. मी कामासाठी घेतो. १९१७ मध्ये महाराजांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत केलं, आणि सक्तीचंही केलं. पोर शाळेत न पाठवणाऱ्या आईबापाला दंड ठेवला. शिक्षण चांगलं असतं, पोरांना शाळेत पाठवा, असं सांगणारे त्या काळात काही कमी नव्हते. नुसत्या सांगण्यानं वर्ग भरत नाहीत, हे त्यांनी ओळखलं होतं. शिफारस आणि सक्ती यांतलं जे अंतर सर्वोच्च न्यायालयानं २०२४ मध्ये दाखवलं, ते ह्या गावानं शंभरेक वर्षांपूर्वी ओलांडलं होतं. त्याच गावातला एक तरुण पुराचं पाणी किती फुटावर आहे हे वाचू शकत नाही, याची लाज वाटायला हवी. मला वाटते, कारण तसली पानं मीही केलीत.

हे बोलायला लागलो की एक प्रश्न हमखास येतो. एका संस्थेचे सचिव मला म्हणाले, "आमच्या वेबसाइटवर आंधळी माणसं येतात तरी किती?" आपुलकीचा माणूस आहे, कुजकटपणानं विचारलं नव्हतं. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली, त्यात ५० लाखांच्या वर दृष्टीची अडचण असणारे. पण मी त्यांना हे आकडे सांगितले नाहीत. उलट विचारलं, येतात किती हे तुम्हाला कळणार कसं? पान उघडणारा स्क्रीन रीडर वापरतो की नाही, हे वेबसाइटला कळतच नाही. शिवाय एकदा येऊन, काही न सापडून परत गेलेला माणूस दुसऱ्यांदा येत नाही. दुकानाला दोन फुटांचा उंबरा ठेवायचा आणि म्हणायचं, आमच्याकडे म्हातारी गिऱ्हाइकं येतच नाहीत.

दुसरा आक्षेप नवा आहे, आणि मला तो जास्त विचार करायला लावतो. आता एआय आलंय, ते चित्र वाचतं, पानाची रचना आपोआप ओळखतं, मग ह्या खुणांची कटकट कशाला? ह्यात तथ्य आहे. सहीशिक्क्याचं परिपत्रक स्कॅन करून पीडीएफ म्हणून चढवायची आपल्याकडे जी रीत आहे, त्या ढिगाऱ्यातून वाट काढायला मावसभावाला हल्ली एआयचा खरोखर उपयोग होतो. दिसायला मराठी पण आतून इंग्रजी अक्षरं असलेल्या जुन्या फॉन्टात टाइप केलेलं मॅटर तर स्क्रीन रीडर इंग्रजी अक्षरांचा चिवडा करून वाचतो, तिथंही चित्रावरून वाचणारं यंत्रच बरं. पण ते अंदाज बांधतं. मोठं दिसलं की हेडिंग समजतं, म्हणून 'टीप' हेही त्याला हेडिंग वाटतं आणि बारीक अक्षरातलं 'अपात्रतेच्या अटी' सुटतं. जे मॅटर लिहिणाऱ्याला लिहिताना पक्कं ठाऊक होतं, ते लपवायचं आणि मग वाचणाऱ्यानं यंत्राला अंदाज करायला लावायचा, ह्यात शहाणपण कसलं? मेलेल्या कागदांसाठी एआय जरूर वापरावं. आज लिहिल्या जाणाऱ्या मजकुराला ती पळवाट नको.

शिवाय ह्या खुणेचा फायदा फक्त अंधांना होतो असंही नाही. माझ्या दुकानात दर वर्षी प्रबंध सादर करायच्या दिवसांत रात्री बारा-बारापर्यंत पोरं बसलेली असतात. प्रबंध तीनशे पानांचा. प्रकरणांची नावं ठळक करून, मधोमध घेऊन दिलेली. अनुक्रमणिका हातानं टाइप केलेली, नाव, मग टिंबं टिंबं टिंबं, मग पान क्रमांक. मार्गदर्शकांनी दुसऱ्या प्रकरणात दोन पानं वाढवायला सांगितली की पुढचे सगळे आकडे चुकले. पोरगं रडकुंडीला येतं, टिंबं परत मोजतं. वर्डमध्ये पहिल्यापासून कंट्रोल, ऑल्ट आणि एक दाबून हेडिंग-एकची स्टाईल दिली असती, उपप्रकरणांना दोन, तर अनुक्रमणिका एका क्लिकमध्ये तयार झाली असती आणि दर वेळी 'अपडेट' म्हटलं की सुधारली असती. त्याच फाइलची नीट पीडीएफ केली तर त्या खुणा पीडीएफमध्येही उतरतात आणि ग्रंथालयात बसून एखादा अंध विद्यार्थी थेट चौथ्या प्रकरणावर जाऊ शकतो. डोळस पोराची रात्र वाचते, आंधळ्या पोराचं वर्ष.

तेव्हा करायचं काय? वेबसाइटचं काम द्यायची पद्धत मला आतून माहीत आहे. तीन कोटेशनं मागवतात, सगळ्यात कमी असेल त्याला देतात, दहा-पंधरा हजारांत पान उभं राहतं. अटींत लिहिलेलं असतं 'आकर्षक व सुटसुटीत डिझाइन'. स्क्रीन रीडरवर चालावं, असं लिहिलेली अट मी माझ्या अख्ख्या धंद्यात पाहिली नाही. मला कुणी कधी विचारलंच नाही, आणि न विचारलेलं काम फुकट करण्याइतका मी संत नाही. म्हणून माझी मागणी अटीची आहे, प्रबोधनाची नाही. बिल काढायच्या आधी स्क्रीन रीडर वापरणाऱ्या एका माणसाला बोलवा, त्याला त्याच्या वेळेचे पैसे द्या, आणि पानावरच्या तीन गोष्टी शोधायला सांगा. पतसंस्था असेल तर व्याजदर, शाळा असेल तर प्रवेशाची तारीख, नगरपालिका असेल तर घरपट्टी भरायची जागा. सापडल्या तर बिल पास. नाहीतर परत करून आण. कंत्राटदार म्हणून सांगतो, पैसे अडकले की आम्ही सगळं शिकतो.

दुसरं क्लासवाल्यांना. बी, आय, यू शिकवायच्या आधी स्टाईल शिकवा. ज्या पोराला पहिल्या दिवशी कंट्रोल-बी शिकवलं, त्याला पुढं आयुष्यभर हेडिंग म्हणजे ठळक अक्षर वाटत राहतं. मी स्वतः त्याचं उदाहरण आहे. अजूनही घाईत असलो की बोटं आपसूक बी वरच जातात.

पतसंस्थेचं पान मी तिसऱ्यांदा केलं. एक एच-१, सहा एच-२, व्याजदराखाली मुदतीप्रमाणे तीन एच-३. अध्यक्षांचं मनोगत तिथंच ठेवलं, त्यांचा मान आहे, पण त्यालाही हेडिंग दिलं, म्हणजे ज्याला ओलांडायचंय त्याला ओलांडता येतं. लाल पट्टीही तशीच आहे, खूण दिली म्हणून रूप सोडावं लागत नाही. मावसभावाला दुकानात बोलवून घेतलं, चहा सांगितला. हेडफोन लावून त्यानं दोनचा आकडा तीन वेळा दाबला, मग तीनचा एकदा. चहा यायच्या आत तो व्याजदरावर होता. जरा वेळ ऐकत राहिला आणि हेडफोन काढला.

"सापडलं?" मी विचारलं.

"सापडलं की," तो म्हणाला. "पण दादा, वर्षाच्या ठेवीचा दर जुनाच आहे. मार्चमध्ये बदललाय त्यांनी. आईच्या पावतीवर वेगळा आहे."

मी सचिवांना फोन लावला.